अख्खा दाणा, तुकडा दाणा आणि ग्राफिक्स कार्ड

(मोठ्या गटासाठी पाठ)



या अंकातला आपला शब्द आहे 'प्रतवारी'. 'प्रत' म्हणजे दर्जा. मालाचे उत्तम, मध्यम, हलका असे गट पाडणे म्हणजे त्याची प्रतवारी करणे. 'उंची प्रतीचा तांदूळ', 'हलक्या प्रतीचे कापड' असे आपण म्हणतो. (कागदाची 'प्रत' मात्र निराळी. तुमच्या हातातला हा अंक दुसऱ्या अर्थाने प्रत आहे!)

वर्गात या शब्दाची उदाहरणे विचारली तेव्हा कोणी आंबा सांगितला, कोणी लोकर सांगितली, आणि एकाने ग्राफिक्स कार्ड सांगितले. त्याचे म्हणणे असे की महागड्या कार्डासाठी केलेली चिप परीक्षेत नापास झाली की कंपनी तीच चिप स्वस्त कार्डात घालून विकते. लगेच दुसऱ्याने विचारले, "मग ही फसवणूक नाही का?" प्रश्न मोलाचा आहे. तुमच्यापैकी काहीजण पेपर टाकून, सुट्टीत काम करून कार्डासाठी पैसे साठवत आहेत. म्हणून या वेळी आपण हाच विषय घेऊ.

आधी तांदूळ

स्वयंपाकघरापासून सुरुवात करू. सँडरिंगहॅम रोडवरच्या भारतीय दुकानात बासमतीची पोती नीट वाचून पाहा. गिरणीत भात सडताना काही दाणे अख्खे राहतात, काही तुटतात. मग चाळण्या लावून ते वेगळे करतात. अख्खा लांब दाणा सर्वांत महाग. त्याहून थोडा आखूड तो 'तिबार', त्याहून आखूड 'दुबार', मग 'मोगरा' आणि शेवटी कणी. शेत तेच, वाण तेच, वासही तोच. बिर्याणीला अख्खा दाणा लागतो. खिरीला, खिचडीला मोगरा उत्तम चालतो. कोणी आई मोगरा तांदूळ आणून 'मला फसवले' म्हणत नाही, कारण पोत्यावर 'मोगरा' लिहिलेले असते आणि दामही त्याच हिशेबाने घेतलेला असतो.

आपल्या न्यूझीलंडमध्ये किवी फळाचे असेच. बे ऑफ प्लेंटीतल्या ते पुके परिसरात फळे तोडून पॅकहाउसमध्ये येतात. तिथे पट्ट्यावरून सरकताना यंत्र प्रत्येक फळाचे वजन करते, कॅमेरे त्याचे फोटो घेतात. डाग, वेडावाकडा आकार, ओरखडा दिसला की फळ पहिल्या वर्गातून दुसऱ्या वर्गात जाते. पेटीवर २५, ३०, ३६ असे आकडे असतात. एका ट्रेमध्ये किती फळे बसतात तो हा आकडा, म्हणून आकडा मोठा तितके फळ लहान. आपल्याकडे हापूसच्या पेटीचे हेच गणित आहे. चार डझनी पेटीतला आंबा मोठा, सहा डझनीतला लहान.

हे लक्षात ठेवून आता चिपकडे जाऊ.

पोळी, खडे आणि शंकरपाळे

चिप ज्या चकतीवर घडवतात तिचे नाव 'वेफर'. वेफर आणि चिप हे शब्द ऐकून तुम्हांला बटाटाच आठवेल, पण ही चकती सिलिकॉनची असते. व्यास ३०० मिलिमीटर, म्हणजे जेवणाच्या मोठ्या ताटाएवढा, आणि जाडी एक मिलिमीटरहून कमी. तिच्यावर शेकडो प्रक्रिया होतात आणि त्यांना दोन-तीन महिने लागतात. शेवटी चकती कापून चिप्स सुट्या करतात.

दिवाळीत शंकरपाळे कापतात ते डोळ्यांपुढे आणा. गोल पोळी लाटली, उभ्या-आडव्या रेघा मारल्या, तुकडे सुटे झाले. कडेचे अर्धे तुकडे वाया जातात. आता समजा, पिठात बारीक खडे राहून गेले आणि पोळीत २० ठिकाणी खडा आला. पोळीचे १०० मोठे तुकडे केले तर जास्तीत जास्त २० तुकडे बिघडतील, म्हणजे शंभरात वीस. त्याच पोळीचे ४०० लहान तुकडे केले तरी बिघडणार २०च, म्हणजे शंभरात पाच. खडे तेवढेच, पण तुकडा मोठा असला की तो बिघडण्याचा संभव जास्त.

चिपच्या कारखान्यातली हवा शस्त्रक्रियेच्या खोलीतल्या हवेहून स्वच्छ असते. तरी धुळीचा एखादा कण, रसायनातला एखादा दोष राहतोच. आणि ग्राफिक्सच्या चिप्स आकाराने फार मोठ्या. आरटीएक्स ४०९० या कार्डातल्या चिपचे नाव एडी १०२. तिचे क्षेत्रफळ सुमारे ६०८ चौरस मिलिमीटर. एवढ्या मोठ्या चिप्स एका चकतीतून साधारण नव्वदच निघतील. त्यांतली प्रत्येक शंभर टक्के निर्दोष हवी असे म्हटले तर पुष्कळ चिप्स फेकून द्याव्या लागतील, आणि त्यांचा खर्च उरलेल्या चिप्सवर चढेल.

खण बंद करण्याची युक्ती

इथे एक युक्ती कामी येते. ग्राफिक्स चिप म्हणजे एकसारख्या खणांचे मोठे कपाट असते. प्रत्येक खणात गणिते करणारे छोटे घटक असतात. त्यांना 'कोअर' म्हणतात. आपण इथे पाहणार आहोत त्या चिप्समध्ये एका खणात १२८ कोअर आहेत. एखाद्या खणात दोष निघाला तर चिपमधलाच बारीक फ्यूज जाळून तेवढा खण कायमचा बंद करतात. बाकीचे कपाट व्यवस्थित चालते.

कारखान्यात प्रत्येक चिपची चाचणी होते आणि निकालाप्रमाणे ती वेगवेगळ्या डब्यांत पडते. इंग्रजीत डब्याला 'बिन' म्हणतात, म्हणून या कामाला 'बिनिंग' हे नाव पडले. आपण 'प्रतवारी' म्हणू. चाचणीत फक्त दोष पाहत नाहीत. चिप किती वेगाने धावते, त्या वेगासाठी तिला किती वीज लागते, किती तापते, हेही पाहतात. सगळे खण चांगले असूनही एखादी चिप मंद असते किंवा वीज जास्त खाते. तीही खालच्या डब्यात जाते.

या धंद्यात कोण काय करतो तेही सांगून ठेवू. एनव्हिडिया आणि एएमडी चिपचा आराखडा करतात. ती घडवतो तैवानचा टीएसएमसी किंवा कोरियाचा सॅमसंग कारखाना. असूस, एमएसआय, गिगाबाइट अशा कंपन्या त्या चिपभोवती कार्ड बांधतात. चिपची मुख्य प्रतवारी पहिल्या गटाच्या देखरेखीखाली होते.

आता खरे उदाहरण घेऊ. २०२० च्या सप्टेंबरमध्ये एनव्हिडियाची दोन कार्डे आली, आरटीएक्स ३०९० आणि आरटीएक्स ३०८०. दोन्हींत एकच चिप, जीए १०२. तिच्यात एकूण ८४ खण. त्यांतले ८२ चालू ठेवून ३०९० केले आणि ६८ चालू ठेवून ३०८०. जाहीर किंमत ३०९० ची १४९९ अमेरिकन डॉलर आणि ३०८० ची ६९९ डॉलर. ३०९० वर मेमरी २४ जीबी होती, ३०८० वर १० जीबी. म्हणजे मेमरी कमी घेतली तर निम्म्याहून कमी किमतीत शंभरातले त्र्याऐंशी कोअर मिळत होते. फायद्यात कोण राहिले ते तुम्हीच ठरवा.

आणखी एक गंमत. सर्वांत महाग कार्डात तरी चिप अख्खी असते का? एडी १०२ मध्ये १४४ खण आहेत. ४०९० मध्ये त्यांतले १२८च चालू आहेत. म्हणजे 'राजा' कार्डातही सोळा खण बंद! तेव्हा 'नापास' हा शब्द आपण सोडून द्यावा हे बरे. ती दुसऱ्या प्रतीची चिप असते. जे खण चालू ठेवले आहेत ते पूर्ण तपासलेले असतात.

धडधाकट चिपलाही खालची प्रत

इथपर्यंत सगळे सरळ होते. पुढे जरा अवघड आहे.

कारखान्याचा हात बसला की दोष कमी होतात. मग खालच्या डब्यात पुरेशा चिप्स पडतच नाहीत. पण बाजारात मागणी तर स्वस्त कार्डाला जास्त. अशा वेळी कंपनी चांगल्या चिपचेही काही खण बंद करते आणि ती स्वस्तात विकते. म्हणजे मोगरा संपला म्हणून गिरणीवाल्याने अख्खा दाणा मोडून मोगरा करावा, तसे हे.

याची जुनी उदाहरणे प्रसिद्ध आहेत. १९९१ मध्ये इंटेलने ४८६ एसएक्स हा प्रोसेसर काढला. महागड्या ४८६ डीएक्समध्ये अपूर्णांकांची गणिते करणारा विभाग असे. एसएक्सच्या सुरुवातीच्या चिप्समध्येही तो विभाग होता, पण बंद केलेला. पुढे ज्याला तो हवा असेल त्याने ४८७ एसएक्स नावाची जोडचिप घ्यायची. ही जोडचिप म्हणजे वास्तविक पूर्ण ४८६ डीएक्सच होती. ती बसवली की आधीच्या चिपचे काम थांबे आणि सगळा कारभार नवी चिप पाही!

२००२ मध्ये एटीआय कंपनीने रॅडिऑन ९७०० आणि ९५०० ही कार्डे काढली. काही ९५०० कार्डांत चिप ९७०० चीच, पण अर्धा भाग बंद होता. हौशी लोकांनी सॉफ्टवेअरच्या मदतीने तो चालू केला. कोणाचे कार्ड थेट ९७०० सारखे धावू लागले. कोणाच्या पडद्यावर मात्र बुद्धिबळाच्या पटासारख्या चौकटी उमटल्या, कारण तिथला बंद भाग खरोखरच सदोष होता. २००९ मध्ये एएमडीच्या तीन कोअरच्या फिनॉम प्रोसेसरचा चौथा कोअर चालू करून पाहणारेही असेच होते. कोणाला लाभ, कोणाला नुसताच त्रास. आता बहुतेक चिप्समध्ये हा दरवाजा कायमचाच बंद करतात.

चांगला खण मुद्दाम बंद करणे ही लबाडी का? आमच्या वर्गात यावर दोन तट पडले. एक पक्ष म्हणाला, चालणारी वस्तू जाणूनबुजून अधू करणे म्हणजे नासाडी. दुसरा म्हणाला, आराखड्याचा प्रचंड खर्च कोणीतरी भरायलाच हवा. श्रीमंत गिऱ्हाइकाने जास्त भरला म्हणून गरिबाला त्याच आराखड्याची चिप परवडते. आमचे मत दुसऱ्या पक्षाकडे झुकते, पण एका अटीवर. जे विकले ते आणि जेवढे सांगितले तेवढे गिऱ्हाइकाला मिळाले पाहिजे. ६८ खण सांगून ६८ दिले असतील तर उरलेले खण का बंद आहेत याने आपले नुकसान होत नाही.

लबाडी कुठे सुरू होते

लबाडी प्रतवारीत नसते, चिठ्ठीत असते. तीन प्रसंग पाहू.

पहिला २०१४ चा. जीटीएक्स ९८० आणि ९७० ही एकाच चिपची दोन कार्डे होती. ९८० मध्ये १६ पैकी १६ खण, ९७० मध्ये १३. हे जाहीर होते, त्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती. पण ९७० च्या मेमरीचेही दोन भाग पडले होते. ४ जीबीपैकी साडेतीन जीबी वेगवान आणि शेवटची अर्धी जीबी फार मंद. शिवाय चिपच्या आतल्या काही घटकांचे आकडे चुकीचे दिले गेले होते. २०१५ च्या जानेवारीत गिऱ्हाइकांनी मोजमाप करून हे उघडकीला आणले. आमच्या दोन विभागांत निरोप नीट पोचला नाही, असे कंपनीने सांगितले. अमेरिकेत खटला झाला आणि २०१६ मध्ये प्रत्येक कार्डामागे ३० डॉलर देण्याची तडजोड झाली. कार्ड चांगलेच होते, पण चिठ्ठी खरी नव्हती.

दुसरा २०२२ चा. त्या सप्टेंबरमध्ये एनव्हिडियाने आरटीएक्स ४०८० या एकाच नावाची दोन कार्डे जाहीर केली. एक १६ जीबीचे, एक १२ जीबीचे. वाचणाऱ्याला वाटेल की फरक फक्त मेमरीचा. प्रत्यक्षात १६ जीबीच्या कार्डात ९७२८ कोअर होते आणि १२ जीबीच्या कार्डात ७६८०. चिपच निराळी होती. एवढा गदारोळ झाला की ऑक्टोबरमध्ये कंपनीने १२ जीबीचे कार्ड विक्रीआधीच मागे घेतले. २०२३ च्या जानेवारीत तेच आरटीएक्स ४०७० टीआय या नावाने आले आणि जाहीर किंमतही १०० डॉलरने उतरली.

यातली मेख लक्षात घ्या. १६ जीबीच्या कार्डातल्या मोठ्या चिपचे चार खण बंद होते. १२ जीबीच्या कार्डातली चिप लहान होती, पण तिचा एकही खण बंद नव्हता. म्हणजे ज्या कार्डावरून ओरड झाली त्याचीच चिप अख्खी होती! दोष चिपमध्ये नव्हता, नावात होता. वाशीच्या बाजारात कर्नाटकचा आंबा देवगड हापूस म्हणून खपवतात तेव्हा हेच होते. तो आंबा गोड असेल, त्यावर एक डागही नसेल. पण तो देवगडचा नाही आणि पैसे मात्र देवगडचे घेतले.

तिसरा प्रसंग २०२५ चा. आरटीएक्स ५०९० आणि त्याच्या काही भावंडांची थोडी कार्डे दुकानात गेली तीच मुळी ठरल्यापेक्षा एक विभाग कमी घेऊन. १७६ च्या जागी १६८ घटक. अशी कार्डे अर्ध्या टक्क्याहून कमी आहेत असे कंपनीने सांगितले आणि कार्ड बांधणाऱ्या कंपनीकडून बदलून घ्यावे असे कळवले. निवडताना एखादा खडा सुटतो, त्यातला हा प्रकार. पण तोही गिऱ्हाइकांनीच मोजून पकडला.

मोजणाऱ्यांची गोष्ट

मोजून पाहण्याचे काम मोठ्यांनीच करावे असे नाही. २००४ मध्ये ऑकलंडच्या पाकुरंगा कॉलेजमधल्या चौदा वर्षांच्या दोन विद्यार्थिनींनी शाळेच्या विज्ञान प्रयोगासाठी सरबतांतले 'क' जीवनसत्त्व मोजले. जाहिरातीत बडेजाव असलेल्या रायबीना या तयार सरबतात ते जवळजवळ नव्हतेच. प्रकरण वाढत कॉमर्स कमिशनपर्यंत गेले आणि २००७ मध्ये कंपनीने १५ आरोप कबूल केले. दंड झाला २,१७,५०० डॉलर.

तो खटला १९८६ च्या फेअर ट्रेडिंग ॲक्टखाली झाला. दिशाभूल करून माल विकू नये, असे हा कायदा सांगतो. त्याच्या जोडीला १९९३ चा कन्झ्यूमर गॅरंटीज ॲक्ट आहे. घरगुती वापरासाठी दुकानातून घेतलेला माल वर्णनाप्रमाणे आणि वाजवी दर्जाचा असलाच पाहिजे, हे त्यात आहे. मात्र एखाद्याने आपले वापरलेले कार्ड खाजगी रीतीने विकले तर १९९३ चा कायदा लागू होत नाही. तिथे आपणच डोळे उघडे ठेवायचे.

खरेदीला जाताना

१. नावावर जाऊ नका, आकडे वाचा. कोअर किती, मेमरी किती आणि मेमरीचा वेग किती, हे तीन आकडे कागदावर लिहून दोन कार्डे शेजारी शेजारी ठेवा.

२. लॅपटॉप घेताना दुप्पट सावध राहा. टेबलावरच्या संगणकातल्या आरटीएक्स ४०९० मध्ये १६३८४ कोअर आणि २४ जीबी मेमरी आहे. लॅपटॉपमधल्या आरटीएक्स ४०९० मध्ये ९७२८ कोअर आणि १६ जीबी. नावापुढे 'लॅपटॉप' हा शब्द असतो, पण तो चटकन डोळ्यांत भरत नाही.

३. आपले काम कोणते ते आधी ठरवा. खिचडी करायची असेल तर अख्ख्या दाण्याचे पैसे कशाला?

४. वर्णनाचे पान छापून पावतीबरोबर ठेवा. पुढे तक्रार करायची वेळ आली तर तोच पुरावा.

शब्दार्थ

प्रतवारी – दर्जाप्रमाणे गट पाडणे
कणी – तांदळाचा बारीक तुकडा
सडणे (भात) – साळीचे टरफल व कोंडा काढणे (फळ सडणे निराळे!)
खपवणे – कसेबसे विकून टाकणे
मेख – गुपित, खरी अडचण
गिऱ्हाईक – विकत घेणारा
दाम – किंमत

स्वाध्याय

१. ४०९० मध्ये किती खण बंद आहेत? एका खणात १२८ कोअर, तर बंद कोअर किती? आता १६ खणांच्या जीटीएक्स ९८० मध्ये एकूण कोअर किती होते ते काढा. दोन उत्तरे शेजारी ठेवा आणि काय दिसते ते एका वाक्यात लिहा.

२. पोळीत २० च्या ऐवजी ५ खडे असतील तर १०० तुकड्यांपैकी कमीत कमी किती तुकडे चांगले निघतील? अशा वेळी कंपनीपुढे कोणती नवी अडचण उभी राहते?

३. 'निवडणे', 'पाखडणे', 'चाळणे' या क्रियापदांतला फरक घरी आजीला किंवा आईला विचारा आणि प्रत्येकाचे एक वाक्य लिहा. आजी भारतात असेल तर फोनवर विचारा, तिलाही बरे वाटेल.

४. घरातल्या कोणत्याही पाच वस्तूंच्या चिठ्ठ्या वाचा. नाव मोठे आणि आकडा बारीक अक्षरांत, असे कुठे दिसते का? सापडल्यास चिठ्ठी वर्गात घेऊन या. आपण मोजून पाहू.